भाऊबीज आणि गर्दीचा कर

माझे वडील निवृत्त वकील. त्यामुळे आमच्या घरी साधा चहासुद्धा उलटतपासणी झाल्याशिवाय मिळत नाही. गेल्या भाऊबीजेला दुपारी आम्ही दोघं अमरावतीहून अकोल्याला आत्याकडे निघालो, तेव्हा वादाला विषय मीच दिला. परदेशात काही शहरांत गर्दीच्या वेळी बाजारपेठेत गाडी घातली की कर द्यावा लागतो, तसा आपल्याकडेही लावावा, असं मी म्हणालो आणि फसलो.

"आपल्या बहिनीच्या घरी जायाले पैसे द्याचे? काहून?"

"बाबा, फुकट आहे म्हनून तर जो तो गाडी घालते. पैसे लागले तर रस्ता मोकळा होईन."

"पैसेवाल्याले मोकळा होईन. बाकीच्याईनं काय करावं? धड बस तरी हाये का एक?"

मी म्हटलं, त्याच पैशातून बस आणता येतील. "आधी बस आन, मंग पैसे माग," बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. निकाल लागला होता.

हायवेवर गाडी झरझर आली. बाबांच्या मांडीवर आत्याची साडी होती, मागच्या सीटवर त्यांचा वॉकर. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून वॉकरशिवाय त्यांना दहा पावलंही चालवत नाही. आत्या त्यांच्याहून मोठी, राहते जठारपेठेत वरच्या मजल्यावर, आणि आता तिला जिना उतरवत नाही. म्हणजे जायचं ते भावानंच. आणि बाई हट्टी अशी, की भावाला ओवाळल्याशिवाय तोंडात घास घालत नाही. शुगर आहे, गोळ्या आहेत, पण ऐकेल तर शपथ.

जठारपेठेच्या अलीकडच्या चौकात आम्ही अडकलो. पुढे गाड्या, मागे गाड्या, मधल्या फटींत ऑटो. बऱ्याच गाड्या पाडव्याला घेतलेल्या, कोऱ्या करकरीत, बॉनेटवर झेंडूचे हार. नवी गाडी बहिणीला दाखवायचीच असते, त्यामुळे प्रत्येक भाऊ गाडी घेऊनच निघाला होता. आमचीही नवीच होती, आणि हार बाबांनी स्वतः बांधला होता.

बसल्या बसल्या मी मनातच कर लावून पाहिला. मी तो मुकाट्यानं भरला असता आणि एव्हाना आत्याच्या दारात असतो. शेजारच्या खटारा गाडीतल्या माणसानं कदाचित भरला नसता. त्याच्या मांडीवरही साडीची पिशवी होती. त्याला घरी बसवून मी पुढे जायचं, हे मला बरं वाटेना. कर नाही म्हणून दोघंही इथंच कुजतोय, हेही बरं वाटेना. मला राग येत होता आणि तो कोणावर काढावा तेच कळत नव्हतं. गाडी सोडून आत्याकडे पळत जावं, तर बाबांना तिथवर न्यायचं कसं?

अंधारू लागलं. समोरच्या दुकानांच्या वर बीजेची कोर दिसत होती, अगदी खाली आलेली. तेवढ्यात आत्याचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला.

"कुठी हायेस रे भाऊ?"

"चौकात आहो, बाई. येऊनच राहिलो."

"तासाभरापासून येऊनच राहिला तू." तिचा आवाज बारीक झाला होता. "मले चक्कर येऊन राहिली रे. सून गोळी घेऊन उभी हाये, म्हनते आता तरी खा. चंद्रबी बुडून राहिला. मंग म्या गॅलरीतून त्यालेच ओवाळलं. राग नको मानू. आता जेवतो मी."

"जेव, बाई," बाबा म्हणाले. "पोटभर जेव."

आमच्याकडे ज्या बाईला भाऊ नसतो, ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते.

समोरची गाडी हातभर सरकली. मीही सरकवली. बाबा मांडीवरच्या साडीची घडी नीट करत राहिले.

"मी आहो ना अजून," ते काचेकडे पाहत म्हणाले.