अर्ध्या तासात नऊ किलो

...तर त्या बाळाचं वजन अर्ध्या तासात तीन किलोवरून नऊ किलो झालं, इथवर आपण आलो होतो. आणि बाळ बिचारं आईच्या मांडीवर ढाराढूर झोपलेलं!

काटाताई संगणकाच्या पडद्याकडे बघतच राहिल्या. काटाताई म्हणजे बाळांच्या दवाखान्यातल्या सिस्टर. बावीस वर्षं वजनकाट्यापाशी उभ्या, म्हणून हे नाव. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बाईंनी रविवारचा प्रोग्रॅमिंगचा वर्ग धरला, भाचीच्या वयाच्या पोरींना खेटून बसल्या आणि दवाखान्यासाठी चक्क स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक बाळाचं एक कार्ड. त्यात नाव, जन्मतारीख आणि आजवरच्या वजनांची यादी. आज त्याची परीक्षा. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "बारापर्यंत नीट चाललं तर ठेवू. नाहीतर हे खूळ पुन्हा माझ्यासमोर आणायचं नाही."

वाजले होते सव्वादहा.

"अगंबाई, आमची इतकी भरली?" झोपलेल्या बाळाची आई हरखली.

"भरली कसली! तिच्या यादीत तीन आकडे दिसतायत, शेवटचा नऊ किलोचा. दुसऱ्यांची वजनं तुझ्या पोरीच्या नावावर चढलीत!"

काटाताईंनी दुसऱ्या बाळाचं कार्ड उघडलं. तेच तीन आकडे. तिसऱ्याचं उघडलं. तेच! त्याच क्षणी डोक्यात लख्ख उजेड पडला. काट्याशेजारी खिळ्याला टांगलेली एकच वही; येईल त्या बाळाचं वजन खाली खाली लिहीत जायचं, ही बावीस वर्षांची हाताची सवय. तीच प्रोग्रॅममध्ये शिरली होती! त्यांनी प्रोग्रॅमच्या अगदी वरच एक रिकामी यादी करून ठेवली होती आणि प्रत्येक कार्डाच्या हाती तीच दिली होती. कार्डं वेगळी, यादी मात्र सगळ्यांत मिळून एक. तीन पाळण्यांना एकच दोरी बांधल्यासारखं. एक हलवला की तिन्ही हलणार.

"सापडलं!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की झोपलेलं बाळ दचकून रडायला लागलं.

रिकाम्या यादीची ती ओळ त्यांनी वरून उचलली आणि जिथे नवं कार्ड तयार होतं, तिथे आत नेऊन ठेवली. आता जे कार्ड होईल, ते आपली कोरी यादी घेऊनच होणार. आयांच्या हातातल्या नंबराच्या चिठ्ठ्यांवर वजनं टिपलेली होती; ती बघून तिन्ही बाळांची कार्डं पुन्हा भरली. पहिलं कार्ड उघडलं. तीन किलो शंभर ग्रॅम. एकच आकडा!

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. त्यांचा विश्वास असा तसा बसणारा नव्हे. "हिलाच परत काट्यावर ठेवा बघू," त्या म्हणाल्या. ठेवली. तिच्या यादीत दोन आकडे झाले. बाकीच्या दोघांच्या याद्या जागच्या हलल्या नाहीत. डॉक्टरबाई नुसत्या "हं" म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या त्या बारा वाजेपर्यंत. एकोणीस बाळं झाली. एकाचा ग्रॅम दुसऱ्याकडे गेला नाही.

"उद्यापासून हेच वापरायचं," डॉक्टरबाई उठता उठता म्हणाल्या. "आणि काय हो, लसींच्या तारखाही बसतील का यात?"

काटाताई म्हणाल्या, "न बसायला काय झालं! प्रत्येकाच्या कार्डात आणखी एक रिकामी यादी, ज्याची त्याची. फक्त आधी मला जेवून येऊ द्या बाई. हात कापतायत, ते आनंदानं का भुकेनं, तेवढं कळू दे."