घरचा बारीक

रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात पद्मिनी दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होती. एक, ती शेतकी प्रयोगशाळेत बाटलीत भात वाढवायची. आणि दुसरी, तिच्या गच्चीवर तुळससुद्धा धड जगायची नाही. शेजारच्या कलावतीबाई तोंडावर हसायच्या, "दीदी, तुमच्या हाताले मातीच मानवत नाही." पद्मिनीही हसायची. मातीशी तिचा संबंधच कुठे येत होता? स्पिरिटने हात पुसून, चिमटा ज्योतीवर तापवून ती काचेआड पेशींशी खेळत बसायची, आणि त्या कामात तिचा हात धरणारं खरोखर कोणी नव्हतं.

लग्नाचं वय तिने या कामातच घालवलं. त्याची खंत तिच्यापेक्षा गल्लीला जास्त होती. घरात ती आणि तिचे वडील, नाना, एवढीच दोघं. नाना रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, काचबिंदूने डोळे गेल्यात जमा. उजेड आणि अंधार एवढंच काय ते कळायचं.

नानांचं गावाकडे शेत होतं. बाकीचं अधियाने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, दिलेलं, पण विहिरीजवळचा एक तुकडा पद्मिनीची आई, रमाबाई, स्वतः जातीने बघायची. तिथे होणाऱ्या सुगंधी भाताला धड नावही नव्हतं. घरात त्याला 'घरचा बारीक' म्हणत. पद्मिनी लहान असताना नाना तिला बांधावरून न्यायचे आणि उभ्या धानाचं पान चुरगाळून तिच्या नाकाशी धरायचे. "घे वास. दुसऱ्याच्या धानाले असा येत नाही."

पुढे रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, मग नव्या राजधानीचे नकाशे निघाले, आणि शेत त्यात गेलं. आई त्याच्या आधीच गेली होती. तिने राखेत घालून ठेवलेलं बियाणं एका मडक्यात पडून होतं, त्याची आठवण कोणालाच राहिली नाही. मडकं सापडलं तेव्हा आत बहुतेक कोंडाच उरला होता.

नाना त्या कोंड्यात बोटं फिरवत बराच वेळ बसले. मग म्हणाले, "मले आता काही नाही पाहिजे पोरी. मराच्या आधी एक डाव घरच्या बारीकची पेज पाहिजे."

पद्मिनीने चांगले दिसले ते दाणे निवडून भिजवले. मोजक्याच दाण्यांना मोड फुटला, तोही मरतुकडा. ते कुंडीत लावावेत असं क्षणभर तिच्या मनात आलंही. पण कुंडीत काय होतं ते तुळशीने दाखवलंच होतं. शिवाय मातीतून चारदोन रोपं मिळाली असती. पेशी वाढवल्या तर शेतभर. तिने विचारलं तेव्हा नानांनी हातच झटकला. "मातीत काहून टाकतं? सगळे तुह्या बाटलीत टाक. माही पोट्टी साऱ्या दुनियेचा भात जगवून राहिली, घरचा नाही जगवणार?"

सगळे दाणे बाटलीत गेले.

मोडांजवळ पिवळसर गाठी धरल्या. त्या तिने पातळ अन्नरसात सोडल्या आणि फ्लास्क हलत्या यंत्रावर ठेवला. हळूहळू रसात बारीक कण्यांसारख्या पेशी दाटल्या. दर आठवड्याला जुना रस काढायचा, नवा घालायचा. घरी आली की नाना विचारायचे, "कसा हाये आपला धान?" आणि ती म्हणायची, "वाढून राहिला, नाना."

त्यातल्या थोड्या पेशी तिने रोपं फुटवायला घट्ट अन्नावर ठेवून पाहिल्या. त्यांना बुरशीने खाल्लं. बाईचा धीर तिथे सुटला. उरलेल्या गेल्या तर? अजून थोड्या वाढू देत, अजून थोड्या, असं करत तिने किती आठवडे नुसता रस बदलला. फार दिवस रसात ठेवल्या तर पेशी रोप व्हायचं विसरतात, आणि झालंच रोप तर त्याला हिरवा रंग धरत नाही, हे ती दर वर्षी विद्यार्थ्यांना शिकवायची. दुसऱ्या कोणी असा घोळ घातला असता तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं. आपल्या घरच्या भातापुढे तिची सगळी विद्या भित्री झाली.

शेवटी तिने सगळ्या पेशी रसातून काढून घट्ट अन्नावर ठेवल्या, आणि कोंब दिसले. तिला राहवेना, घरी येऊन तिने नानांना सांगून टाकलं. नानांनी भिंत धरत धरत जिना उतरून अख्ख्या तात्यापाऱ्याला सांगितलं.

कोंब वाढले ते पांढरे फटक. एकूण एक. बाटलीतल्या साखरेवर जगतील तेवढेच. स्वतःचं अन्न करायला त्यांच्यात हिरवेपणाच नव्हता. पद्मिनी प्रयोगशाळेत दार लावून रडली. फ्लास्कमध्ये मागे काही ठेवलं नव्हतं.

एक कोंब ती काचेच्या नळीत घालून घरी घेऊन आली. नानांनी नळी हातात घेतली, उजेडाकडे धरली, डोळे बारीक केले. "हिरवा हाये ना?"

"हव, नाना. हिरवागार."

मग त्यांचा एकच धोशा, कुंडीत लाव. तिने लावला. दोन-तीन दिवसांत तो कागदासारखा वाळला. पहाटे नाना उठायच्या आत तिने तो उपटला आणि सहकाऱ्याच्या वाफ्यातून आणून ठेवलेलं साध्या भाताचं रोप तिथे खोचलं. हे रोप मात्र जगलं. नाना रोज संध्याकाळी गच्चीवर त्याच्याजवळ बसू लागले, चाचपून चाचपून पाणी घालू लागले.

एकदा ती चहा घेऊन वर गेली तर त्यांनी एक पान तोडून बोटात चुरलं होतं आणि नाकाशी धरलं होतं. पद्मिनी जागीच थांबली. डोळ्यांचा तिने सगळा विचार केला होता, नाकाचा केलाच नव्हता.

नाना बराच वेळ हुंगत राहिले. मग तिच्या पावलांच्या दिशेने तोंड करून म्हणाले, "येते, पोरी. तोच वास हाये. तुह्या मायच्या हाताचा."

ते खाली गेल्यावर तिनेही एक पान चुरलं. गवताचा वास आला. म्हणजे त्यांना कळलं होतं, आणि तिच्यासाठी ते खोटं बोलले होते. ते चिडले असते, चार शब्द बोलले असते तर तिला सोसलं असतं. हे सोसवेना.

रोपाला लोंबी येण्याआधीच नाना गेले. त्यांच्या पिंडाचा भात गोल बाजारातून आणलेल्या तांदळाचा झाला.