बंबातली चिडाची फळं

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. माझे यजमान जंगलखात्यात होते आणि खात्याने त्यांना शिकायला डेहराडूनला धाडलं होतं. मार्गशीर्षात ते नाशिकला परतले. ट्रंकेतून माझ्यासाठी शाल निघाली आणि शालीत गुंडाळलेली आठ-दहा लाकडी फळं. दिसायला कच्च्या सीताफळासारखी, हातात घ्यावीत तर दगड.

"चिडाची आहेत, हिमालयातल्या पाइनच्या झाडाची," हे म्हणाले. "आत बिया आहेत. आपण रुजवायच्या."

पण फळं उघडेनात. यांनी नखं लावली, चाकू खुपसला, शेवटी सासूबाईंचा अडकित्ता घेतला आणि त्याचं टोक मोडलं. सासूबाई दिवसभर यांच्याशी बोलल्या नाहीत. फळांची टोपली सरपणाशेजारी जाऊन पडली.

पौष लागला आणि थंडीने बोटं वळेनाशी झाली. एका सकाळी सासूबाई आंघोळीचा बंब पेटवत होत्या. गोवऱ्या नुसत्या धुमसत होत्या, म्हणून हाताला लागलं ते त्यांनी आत टाकलं. जरा वेळाने बंबात तडतड सुरू झाली आणि अंगणभर राळेचा वास पसरला. मी धावले आणि चिमट्याने एक फळ ओढून काढलं. वरून काळं पडलं होतं, पण खवला न् खवला उलगडला होता आणि फटींतून पातळ पंखांच्या बिया डोकावत होत्या.

"अहो! लवकर या!" सासूबाईंच्या देखत अशी हाक मी पहिल्यांदाच मारली.

हे एका गालावर साबण घेऊनच आले. फळ बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, यावर मी परीक्षेत दोन पानं लिहिलीयत!"

मग तिथेच पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. तिकडच्या डोंगरांवर उन्हाळ्यात वणवे लागतात. चिडाची बरीच फळं नुसत्या उन्हानेच उघडतात, पण काही राळेने चिकटून वर्षानुवर्षं मिटलेली राहतात. वणव्याची आच लागली की राळ वितळते, खवले सुटतात. आतली बी जाड खवल्यांमुळे भाजत नाही. आग पुढे गेली की ती राखेत पडते. तिथे गवत नाही, सावली नाही. सगळं ऊन तिचं एकटीचं.

"म्हणजे पापडासारखंच की. आच बेताची हवी," सासूबाई म्हणाल्या आणि शेगडी ओढून बसल्या. उरलेली फळं त्यांनीच एकेक करून निखाऱ्यांवर फिरवली. खवले सुटले की हे लहान मुलासारखे टाळ्या पिटत. बी वर उडवली की गिरक्या घेत खाली येई. आम्ही तिघं बिया उडवत बसलो आणि यांना कचेरीत पोचायला चांगलाच उशीर झाला.

रॉकेलच्या डब्यात माती आणि राख घालून आम्ही त्या पेरल्या. तीन आठवड्यांनी पाच कोंब वर आले, डोक्यावर टरफलाच्या टोप्या घालून. टोप्या गळल्या तशा दहा-बारा हिरव्या सुया छत्रीच्या काड्यांसारख्या पसरल्या.

रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला सासूबाईंनी डबा ओटीवर मांडला. येणाऱ्या प्रत्येकीला अख्खा वणवा हातवारे करून ऐकवला. मी तिळगूळ वाटत होते. शेजारच्या काकूंनी कोंबाला हळूच बोट लावलं.

"हात नका लावू," सासूबाई म्हणाल्या. "बाळंतीण अजून ओली आहे."

सगळ्याजणी हसल्या, आणि काकूंनी खरोखरच वाकून डब्याला हळदीकुंकू वाहिलं.