देवाचा एडका आणि माफीचे मेंबर

उमापूरच्या सुंदरराव पाटलांना सरकारनं माफीच्या कमिटीवर मेंबर केलं, त्याला कारण मटणाचा रस्सा. हे कुणी दुष्मन सांगत नव्हता, राव स्वतःच सांगायचे. तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टर, दौऱ्यावर आले, रावांच्या घरी जेवले, बोटं चाटली, आणि थोड्याच दिवसांत बीडहून हुकूम आला. "रस्सा केलता आमच्या मुक्ताबाईनं, म्हंजे खरी मेंबर तीच," राव चावडीत बसून बायकोचं कौतुक करायचे. "पण तिला फेटा शोभंना, म्हणून मला धाडलं."

कमिटीचं काम मोठं होतं. निजाम सरकारच्या सालगिरहाला, म्हणजे वाढदिवसाला, जेलखान्यातले काही कैदी मुदतीआधी सुटायचे. त्यांची निवड ही कमिटी करायची. मधल्या खुर्चीत तालुकदारसाहेब. मुन्सफसाहेब कायदा बघायचे. मोहतमीम, म्हणजे जेलचे मुख्य, कैद्याची वागणूक सांगायचे. बद्रीनाथ वकील उर्दू कागद वाचून रावांच्या कानात त्याचं मराठी करायचे. आणि राव गावाच्या वतीनं बोलायचे. गाव ह्या माणसाला परत पदरात घेईल का, एवढंच त्यांना विचारलं जाई. राव मिशीवरून हात फिरवून म्हणत, "हरकत न्हाई." एवढ्या दोन शब्दांसाठी घोडीवर बसून बीड गाठायचं आणि पुढं आठवडाभर कंबर शेकत बसायचं.

"राव, तुमच्या जागी पोपट बसवला तरी भागंल," बद्रीनाथ एकदा म्हणाले.

"भागंल की. पण पोपटाला पेरू लागतो वकीलसाहेब. मी फुकट हाय."

त्या साली मात्र कारकुनानं पुकारा केला, "मुंजाजी धनगर, उमापूर शिवार," आणि मिशीवर चढलेला रावांचा हात तिथंच थांबला. हा कैदी त्यांनीच आत घातलेला होता.

झालं होतं ते असं. मुंजाजीची मेंढरं रावांच्या हरभऱ्यात शिरली. राव घोडीवरून उतरले, शिव्या देत धावले आणि मेंढरांना हाणायला धोंडा उचलावा म्हणून वाकले. तेवढ्यात मागून असा एक दणका बसला की राव थेट पाटाच्या चिखलात, तोंडावर. उठून डोळे पुसून बघतात तर समोर मुंजाजी, हातात काठी. झालं! मार बसलाय आणि समोर काठी दिसतीय, मग कोर्टाला आणखी काय पाहिजे? मुंजाजीनंही कोर्टात "लागलं खरं, माझ्या कळपात लागलं" एवढंच म्हणून मान खाली घातली. तीन वर्षांची सजा झाली. इकडं चावडीत रावांच्या गोष्टीतली काठी दर अमावास्येला जाड होत गेली. पुढं पुढं तर तिचा सोटा झाला आणि मुंजाजीच्या जोडीला आणखी दोन धनगर उगवले. राव ती गोष्ट इतक्यांदा सांगत की त्यांना ते दोघं नावानिशी आठवायला लागले.

मुंजाजीला आणलं. माणूस वाळून काठी झाला होता. मोहतमीम म्हणाले, वागणूक चांगली, तक्रार नाही. तालुकदारसाहेबांनी नेहमीचा सवाल केला, केल्याचा पस्तावा आहे का? पस्तावा असल्याशिवाय माफी नाही, हा कमिटीचा पहिला नियम. इतर कैदी ह्या सवालाला इतक्या घाईनं "हाय हाय" म्हणत की सवाल पुरासुद्धा होत नसे. मुंजाजीनं हात जोडले.

"हुजूर, आधी येक इचारू का? भाईर माझी बायकू बसलीया, साखराबाई. तिला इचारा, कळपातला त्यो मेंढा, देवाचा एडका, जित्ता हाय का गेला?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तालुकदारसाहेबांनी मजा म्हणून शिपायाला पिटाळलं. शिपाई परत आला. "गेला म्हणती. म्हातारा झालता."

मुंजाजीनं जमिनीला हात लावून कपाळाला लावला. त्याचे डोळे भरले होते. मग तो म्हणाला, "आता सांगतो. पाटलाला म्या न्हाई मारलं. एडक्यानं मारलं."

मग तालुकदारसाहेबांनी तोंडाला रुमाल लावला आणि खोकला आल्यासारखं केलं. मुन्सफसाहेबांनी कागद चाळले. "फिर्यादी म्हणतो मार मागून बसला. आणि काठीवाला तर समोर उभा होता. मग हा मार मागून कसा?"

रावांच्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. एवढं साधं गणित! शेंबड्या पोरानं सोडवावं, आणि आपण मिशीला तूप लावून जन्मभर पाटीलकी केली! वाकल्यावर मार कुठं बसलाय, हे तर त्यांच्या बुडाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. डोक्यापर्यंत बातमी पोचायला इतका वेळ लागला.

"मग कोर्टात कावून न्हाई बोललास?" राव ओरडले. लाजलेला माणूस आधी ओरडतोच.

"बोललो असतो तर तुमी एडक्याला कापलं असतं, पाटील. तुमी लई तापट. बिरोबाला सोडलेला एडका त्यो. त्याच्या अंगाला हात लागला की समदा कळप मरतोय, आमच्यात तसं हाय. मानूस जेलात ऱ्हाऊन परत येतंय. कळप गेला तर काय ऱ्हातंय?"

राव खाली बघायला लागले. तो म्हणत होता ते खरं होतं. त्यांनी एडका कापलाच असता, आणि वर चार पाहुणे बोलावून त्याचा रस्साही केला असता. मग त्या रश्श्यावर आणखी कुठली मेंबरी मिळाली असती कोण जाणे.

"म्हणजे हा बेगुनाह," राव घाईनं म्हणाले. "सोडून द्या साहेब."

मुन्सफसाहेबांनी मान हलवली. माफी गुन्हेगाराला असते. ज्यानं गुन्हाच केला नाही त्याला माफ कसं करणार? कमिटीला तो अख्त्यार नाही. बेगुनाह असेल तर त्यानं हैदराबादेला अपील करावं. आणि हैदराबादेला गेलेला कागद बैलाच्या पायानं जातो, गोगलगाईच्या पायानं परत येतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तोवर सजा पुरी होऊन वर एखादं साल गेलं असतं. म्हणजे काठी मारली असती तर मुंजाजी आज सुटला असता. मारली नाही म्हणून अडकला.

"आता म्हण, मारलं म्हणून, आणि हो मोकळा," बद्रीनाथ त्याला हळूच म्हणाले.

"एडका जित्ता होता तवा गप ऱ्हायलो. आता त्यो देवाघरी गेला, आता कुनासाठी खोटं बोलू?"

बद्रीनाथ रावांच्या कानाशी आले. "राव, तुम्ही गावाच्या वतीनं हरकत घ्या. गोष्ट इथंच मिटंल. न्हाईतर एडक्याची बात उमापूरला तुमच्या आधी पोचंल."

रावांना ते पटलं. नाही कसं पटेल? चावडी, तो सोटा, ते दोन धनगर, सगळं डोळ्यांपुढं आलं. तोंड उघडून "हरकत" एवढा अर्धा शब्द त्यांनी काढलाही. मग मुंजाजीच्या नडग्यांवर बेडीनं पडलेले काळे वण दिसले आणि पुढचा शब्द वेगळाच निघाला.

"मुंजाजी, मी चिखलात पडलो तवा तू हसलास का बे?"

मुंजाजी घुटमळला. "हसलो, पाटील. लई हसलो. काठीवर टेकून हसलो."

"त्याचा पस्तावा हाय?"

त्यानं खरोखर विचार केला. "हाय. पडलेल्या मानसाला हसू न्हाई."

"मुन्सफसाहेब, पाटलाला हसणं म्हंजे बेअदबी का न्हाई? गुन्हा झाला, पस्तावा झाला. आता लिवा!"

मुन्सफसाहेबांनी तालुकदारांकडं बघितलं, तालुकदारांनी छताकडं. मग मुन्सफसाहेब म्हणाले, लिहिता येईल, पण फिर्यादीची कबुली लागेल. आणि मेंबराच्या खुर्चीत बसून फिर्यादीला बोलता येणार नाही. फिर्यादीची जागा दाराशी, जोडे काढून.

राव उठले. जोडे काढले. दाराशी शिपाई, कारकून, पाण्याच्या घागरी आणणारे कैदी, सगळे कान टवकारून उभे. त्यांच्यासमोर हात जोडून उमापूरचे पाटील म्हणाले, "मी सुंदरराव. मी चिखलात तोंडावर पडलो. हा मला हसला. हसण्यासारखंच दिसत असणार मी. मी त्याला माफ केलं." मग अनवाणीच खुर्चीत येऊन बसले आणि मेंबर म्हणून म्हणाले, "गावाची हरकत न्हाई."

ह्या वेळी तालुकदारसाहेबांनी रुमालही लावला नाही, पोट धरून हसले. रावही हसले. पण मुंजाजी पुढं आला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, "उपकार झाले मालक," तेव्हा रावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी कुणी मागायची, कुणी द्यायची, सगळा उलटा कारभार! त्यांनी पाय मागं घेतले. पण खुर्चीत बसलेल्या माणसाला पाय मागं घेऊन तरी कुठं घेता येतात?

सालगिरहाची यादी म्हणून हैदराबादेहून मंजुरी वेळेत आली. सालगिरहाच्या सकाळी कैदी सुटायचे होते. राव मुद्दाम बीडला गेले. कुणी बोलावलं नव्हतं. साखराबाई भिंतीच्या सावलीला बसली होती, हातात भाकरीचं गाठोडं. मुंजाजी दारातून बाहेर आला आणि उन्हानं डोळे बारीक करून उभा राहिला.

राव घाईनं पुढं झाले. रात्रभर घोकलेलं सगळं एका दमात बोलले. "मुंजाजी, ह्या साली तुझी मेंढरं माझ्याच रानात बसव. सगळं रान मोकळं करतो. लेंडीखताच्या बदल्यात धान्य तू म्हणशील तेवढं. हरभऱ्यात शिरली तरी मी वाकणार न्हाई, आईशप्पत."

मुंजाजी हसला. बायकोकडं वळून म्हणाला, "कळप कुठं बसीवलायस ग?"

साखराबाईनं गाठोडं खाली ठेवलं.

"येकटीनं न्हाई राखवला मला. लांडगा पडला, रोग पडला. उरली ती इकली, खाल्ली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "एडका तेवढा सांभाळला. तुमी सांगितलं होतं म्हून. म्हातारा होऊन मरंस्तवर सांभाळला."

राव काहीतरी बोलायला गेले. स्वतःवर करायच्या थट्टा त्यांच्याकडं गाडाभर होत्या, पण त्यातली एकही तोंडातून निघेना.

मुंजाजीनं गाठोडं उचललं आणि रस्त्यावर आला. जन्मभर मेंढरांच्या मागं चाललेला माणूस तो. पुढं काहीच चालत नव्हतं, आणि कुणीकडं वळावं हे त्याला उमगेना.