साखराकाकूची सहाण

मुखेडच्या आमच्या गल्लीतलं एकही लेकरू साखराकाकूच्या हातच्या गुटीशिवाय मोठं झालेलं नाही. मीसुद्धा. हळकुंड, मुरडशेंग, बाळहिरडा. सहाणेवर कशाचे किती वेढे द्यायचे, हे ती झोपेतही सांगेल. उगाळल्याशिवाय औषध अंगी लागत नाही, यावर तिचा देवापेक्षा जास्त भरवसा.

गेल्या वर्षी तिच्या नवऱ्याच्या, शेषेरावकाकांच्या, मोठ्या आतड्याला जखमा झाल्या. दिवसातून दहादा परसाकडे, तेही रक्ताचं. लातूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण आठ महिन्यांत गुण शून्य. "अजून दोन महिने बघू, नाहीतर आतडं काढावं लागेल," असं ते म्हणाले, तेव्हापासून काकूला घास गोड लागेना.

मी नांदेडला औषधशास्त्र शिकते. माझा विषयच हा: असंख्य छिद्रांचे बारीक कण, छिद्रांत औषध आणि वर झाकण. ते झाकण फक्त मोठ्या आतड्यातल्या जंतूंनीच उघडायचं. घरी कुणी विचारलं की, "तुम्हाला नाही कळायचं," म्हणून मी मोकळी. मोठी शहाणी!

दिवाळीला घरी गेले. काकू सहाणेवर काहीतरी उगाळत होती आणि शेजारी काकांच्या गोळ्यांचं पाकीट पडलं होतं. मी पाकीट उचलून पाहिलं.

"काकू, रोज असंच देतीस?"

"हाव. आक्खी गोळी कशी लागंल, बाई? उगाळून ताकात देते."

"अगं, गोळीवरचं ते कवच मुद्दाम असतं! गोळी खाली आतड्यात जाऊनच फुटायची. मुखेडचं तिकीट काढलेल्याला तू वाटेत कंधारलाच उतरवून राहिलीस!"

तिचा हात थांबला. "म्हंजी... मीच?"

काका खाटेवरून हळूच म्हणाले, "डाक्टरनं पैल्याच दिवशी सांगितलं व्हतं, आक्खी गिळा म्हणून."

"मंग बोललात का न्हाई?"

"तू इतक्या मायेनं उगाळतीस. कसं सांगावं?"

काकू आधी त्यांच्यावर कडाडली, मग पदर तोंडाला लावून रडली. मलाही रडू आलं.

त्या दिवसापासून गोळी गिळल्यावर काकांना तोंड उघडून दाखवावं लागतं. दोन महिन्यांनी रक्त थांबलं आणि डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव सोडलं. हे सांगायला काकूनं फोन केला. मी ठेवणार, तेवढ्यात ती म्हणाली, "तनुजा, तुझं ते झाकणाचं औषध नीट सांग बरं आता. मला कळतंय."

मी समोरची अभ्यासाची वही मिटली आणि पहिल्यापासून सांगायला लागले.