उभ्या रेघांमधलं नाव
आज घरी आलेल्या एका लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला हळद लावलेली होती, आणि त्या वासासरशी आमच्या कंधारच्या घरातली एक सकाळ आठवली. धाकट्या बहिणीसाठी स्थळं पाहणं चालू होतं आणि तिची माहिती वडील मोबाइलवरून एका वधू-वर फोरमवर टाकत होते. नाव ठळक कसं करायचं, ओळ मधोमध कशी आणायची, हे मीच शिकवलं होतं. सवयीप्रमाणे त्यांनी सगळ्यात वर दोन-दोन उभ्या रेघांमध्ये 'श्री रेणुकामाता प्रसन्न' लिहिलं, आणि पोस्ट पडताच त्या ओळीवर काळी पट्टी आली. "आईच्या नावाला कोण काळं फासून राहिलं?" वडिलांचा चेहरा उतरला. मी पुसून परत लिहिलं, परत काळं. "औंदा माहूरला आईच्या दर्शनाला गेलो न्हाई आपण," ते हळूच म्हणाले, आणि बहीण उठून आत गेली. दुपारी फोरम सांभाळणाऱ्या बाईंचं उत्तर आलं, की अशा रेघांमधला मजकूर इथे झाकला जातो, बोट लावलं की उघडतो. वडिलांनी बोट लावलं, नाव दिसलं. म्हणाले, "म्हंजे पडदा हाय. राहू दे मग. ज्याला दर्शन घ्यायचंय त्यो बोट लावील." तरी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ते माहूरला गेलेच. आजच्या पत्रिकेवर तेच नाव, तशाच रेघांमध्ये, चांगलं ठसठशीत छापलेलं होतं. तरी माझा अंगठा त्यावर दाबला गेला, काय उघडायचं होतं कोण जाणे.