आदिनाथचा सव्वा महिना

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारा आदिनाथ आयुष्यात कधी बाद झाला नव्हता. म्हणजे पंचांनी त्याला पुष्कळदा बाद दिलं होतं, समोरच्या संघाने त्याला गाठोड्यासारखं आवळून मातीत दाबलं होतं, प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजवल्या होत्या. पण आदिनाथने स्वतः ते कधी मान्य केलं नव्हतं. अंगावर चार माणसं घेऊन पालथा पडलेला असतानाही तो त्या ढिगातून एक बोट बाहेर काढायचा आणि म्हणायचा, "पंच, मधली रेषा बघा. बोट टेकलंय माझं." बोट आणि रेषा यांच्यामधून बैलगाडी गेली असती.

कबड्डी तो टेंभुर्णीजवळच्या आपल्या गावच्या संघाकडून खेळायचा आणि पोटासाठी सोलापूरच्या नवी पेठेत मल्लिनाथअण्णांच्या दुकानात साड्या विकायचा. माझ्या मते दोन्हीकडे तो एकच काम करायचा. परक्या गोटात घुसायचं, दम न तोडता बोलत राहायचं आणि काहीतरी घेऊनच परत यायचं. "वैनी, मोरपंखी बघा, काठ बघा, पदर बघा, आता हा डाळिंबी बघा" हे सगळं एका श्वासात. बाई "नको" म्हणून चपला घालू लागली तरी आदिनाथच्या लेखी निकाल लागलेला नसे. अण्णा म्हणत, "हा गादीवर बसला की गिऱ्हाइकाला पंखा लावावा लागत नाही."

यंदा माघात गावच्या जत्रेतल्या सामन्यात त्याने शेवटच्या चढाईत उडी घेतली, पकड करणाऱ्या कुणाचा तरी गुडघा त्याच्या कानशिलावर बसला आणि तो आडवा झाला. क्षणभराने उठला आणि थेट पंचांशी भांडायला गेला. तिथेच घोटाळा झाला. दुसरा कुणी असं वेड्यासारखं बोलू लागला असता तर लोक धावले असते. आदिनाथचं ते नेहमीचंच असल्यामुळे कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

मग तो कप्तान उदयसिंहाजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "गुण किती झाले?" उदयसिंहाने सांगितले. थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितले. असं चारपाचदा झाल्यावर हा हरल्याबद्दल टोमणे मारतोय असं समजून उदयसिंह चिडला. तेवढ्यात आदिनाथने मांडवाकडे बघून अगदी शांतपणे विचारलं, "उदय, आपण कुणाच्या लग्नाला आलोय रं?" तेव्हा कुठे त्याला जीपमध्ये घालून सोलापूरला आणलं.

डोक्याचा फोटो काढला, तो स्वच्छ आला. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवून नीट सांगितलं, "मेंदूला हादरा बसलाय. तो फोटोत दिसत नाही, म्हणून झाला नाही असं समजू नका. दोन-तीन दिवस आराम द्या. मग थोडं थोडं चालू-फिरू द्या. मी सांगेपर्यंत खेळ बंद. हे बरं व्हायच्या आत पुन्हा डोक्याला मार बसला तर फार अवघड होईल."

या बोलण्याची सगळ्यांनी वाटणी केली. उदयसिंहाने 'फोटोत दिसत नाही' एवढं उचललं आणि गावभर पसरवलं. आदिनाथच्या आईने, सारजाबाईंनी, 'आराम' घेतला. आदिनाथच्या डोक्यात चक्की चालू होती, त्याच्या वाट्याला काहीच आलं नाही. सगळं भाषण जसंच्या तसं त्याच्या बायकोला, रेश्माला, पाठ होतं. पण ती सून, तिला कोण विचारतो?

आता सारजाबाईंना जगात आरामाची एकच पद्धत ठाऊक. स्वतःची चार, तीन लेकींची सात आणि भावकीतली मोजदाद नसलेली बाळंतपणं त्यांनी केलेली. आराम म्हणजे सव्वा महिना. खोलीच्या खिडकीला वाकळ ठोकली गेली. आदिनाथच्या कानात कापसाचे बोळे गेले. डोक्याला आणि कानांना जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट आवळून बांधली. सकाळी अंगाला तेल, मग कडकडीत पाण्याची आंघोळ, मग ओव्याची आणि शेपाची धुरी. जेवायला शेपूची भाजी आणि भाकरी, वर डिंकाचा लाडू. बाहेर सोलापूरचं ऊन तापायला लागलेलं आणि आत हा सहा फुटी गडी कानाला फडकं बांधून धुरात बसलेला.

मी एकदा जिन्यात सारजाबाईंना म्हटलं, "अहो, तो काय बाळंतीण आहे?"

"भाऊ, बाळंतिणीला निदान बाळ तरी दिसतं," त्या म्हणाल्या. "ह्याचं दुखणं तर दिसतबी न्हाय. मंग जास्तच जपाय नको व्हय?"

मी जिना चढून वर आलो.

भेटायला गावाकडून माणसं यायची. बिस्किटाचे पुडे आणि शहाळी घेऊन दारातून आत डोकवायची आणि त्या वासाने अशी गोंधळायची की एकदोघींची नजर पाळणा शोधत फिरली. मग आदिनाथला निरखून म्हणायची, "कुटं काय झालंय? रंग तर उजळलाय की." पाय मोडला असता तर प्लास्टर दाखवता आलं असतं. आदिनाथजवळ दाखवायला काही नव्हतं. तो नुसता डोळे मिटून घ्यायचा आणि पाहुणे मग एकमेकांशी मोठ्याने बोलत बसायचे.

एका दुपारी मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. खोलीच्या भिंतीला लागूनच टॉवेलचे माग. खटक खटक, खटक खटक, दिवसभर. आम्हाला ते इतक्या वर्षांत ऐकूच येईनासं झालंय.

"काका, माग चालू हायत का बंद?" त्याने विचारलं.

"चालू आहेत की."

"मला कळंना झालंय, भाईर वाजतंय का आत वाजतंय." एका श्वासात अर्धं दुकान विकणारा माणूस दोन वाक्यांमध्ये थांबून पुढचं वाक्य हुडकत होता. "झोप न्हाय. फोन बघितला की डोळ्यात सुया. काल रेश्मा चहात साखर हलवत व्हती, त्या चमच्याच्या आवाजावर वराडलो मी. मंग तिला हाक मारली, माफी मागाय. ती आली अन् माझ्या ध्यानातच येईना, कशाला बोलावली. तिच्यासमोर रडलो, काका."

मी पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे केला.

"बाद झालेल्यानं भाईर बसायचं, ते ठीक," तो म्हणाला. "पर तितं मैदान दिसतं. आपल्यातल्या कुणी गुण आणला की आपण उठून आत. हितं वाकळ दिसती नुस्ती. अन् माझा गुण कोण आणणार?"

तेवढ्यात वीज गेली. माग थांबले. गल्लीतल्या प्रत्येक घरातून वीज मंडळाचा उद्धार सुरू झाला, पंखे फिरत फिरत थांबले, धुराने आणि उकाड्याने माझा जीव घाबरा झाला. आणि आदिनाथच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की वीज गेल्याचा आनंद झालेला हा सोलापुरातला पहिला आणि शेवटचा माणूस असावा. वीज येईपर्यंत तो झोपला. मीही घाम पुसत तिथेच बसून राहिलो, कारण उठलो असतो तर खुर्ची करकरली असती.

सव्वा महिना भरला. सारजाबाईंनी त्याला न्हाऊ घातलं, नवा सदरा दिला, वाकळ काढली आणि जाहीर केलं, "झालं. उठला माझा लेक." इतके दिवस कडी लावून बसलेल्या त्याच आता दार सताड उघडून उभ्या राहिल्या आणि हा बाहेर का पडत नाही म्हणून त्यांना नवल वाटू लागलं. शेवटी आदिनाथ बाहेर पडला. बाहेर पडल्यावर त्याला कळलं की खोली त्याच्याबरोबरच चालली आहे.

दुकानात गेला. डोक्यावर ट्यूबलाइटांची रांग, समोर पसरलेली जर, भोंग्यातून चाललेली सेलची जाहिरात. त्याने एका बाईपुढे साडी उलगडली. "वैनी, काठ बघा, अन् हा..." आणि थांबला. साडीचं ते टोक हातात धरून तो उभा राहिला. पदर हा शब्द त्याला सापडेना. बाईंनीच तो सांगितला, बिचाऱ्या चांगल्या होत्या. अण्णांनी त्याला रिक्षात बसवून घरी पाठवलं आणि त्या दिवशी त्याच्या गादीवर दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेश्मा कुणालाही न विचारता त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. लाडवांपासून धुरीपर्यंत सगळा इतिहास तिने सांगितला. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी दोन-तीन दिवस म्हटलं होतं."

"मी आत्यांना सांगितलं हुतं," सासूला आत्या म्हणणारी रेश्मा म्हणाली.

"मग?"

"त्या म्हणाल्या, डॉक्टरीण कुंवारी हाय, तिला काय म्हाईत."

बाई हसल्या आणि मग गंभीर झाल्या. रोज सावलीत थोडं चालायचं. डोकं जास्त दुखू लागलं की थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायचं. दुकानात आधी थोडा वेळ, तोही आतल्या अंगाला. वेळ लागेल, पण बहुतेक माणसं यातून नीट होतात. "आणि मैदान नाही," त्या आदिनाथकडे वळून म्हणाल्या. "एक चढाईसुद्धा नाही."

आदिनाथने मान हलवली. पंचांनी बाद दिल्यावर तो अशीच मान हलवत भांडायला जात असे, हे बाईंना कुठून ठाऊक असणार?

कारण पाडव्याचा सामना होता. माढ्याच्या संघाशी, ज्यांच्याशी हे माघात हरले होते. उदयसिंहाने त्याचं नाव फलकावर छापून टाकलं होतं आणि आदिनाथने फोनवर "येतो" म्हणून सांगितलं होतं. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

पाडव्याच्या सकाळी दारात गुढी आणि गुढीखाली जीप. आदिनाथ संघाची बंडी घालून बाहेर आला. रेश्मा उंबऱ्यातच उभी राहिली. तिने त्याला अडवलं नाही, पण बाजूलाही झाली नाही. तिच्या खांद्याला खांदा घासून त्याला बाहेर यावं लागलं.

"वैनी, एकच चढाई," उदयसिंह म्हणाला. "शेवटची. बाकी टाइम भाईरच बसवतो."

"डॉक्टरीणबाई एकबी नको म्हणल्यात, भावजी."

"अवो, फोटो चांगला हाय की त्याचा."

"फोटोला खेळवा मंग," रेश्मा म्हणाली.

जीपमधलं एक पोरगं हसलं आणि उदयसिंहाने वळून बघताच गप्प झालं. आदिनाथ म्हणाला, "थांब जरा. दम बघतो." गल्लीतल्या सिमेंटवर त्याने चपलेने रेषा ओढल्यासारखं केलं, वाकला, मांडीवर थाप मारली आणि सुरू झाला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. मी वरून गॅलरीतून बघत होतो. पहिली दोन पावलं जुन्या आदिनाथची होती. तिसऱ्या पावलाला त्याने मान झटक्यात फिरवली, पकड करणारा कुठून येतोय ते बघायला, आणि आवाज तुटला. दम होता, पण गल्ली फिरली असावी. त्याने विजेचा खांब धरला आणि हळूहळू पायरीवर येऊन बसला. चेहरा राखेसारखा.

"उन्हानं झालं," उदयसिंह घाईने म्हणाला. "सवय सुटली की होतं. काय न्हाय झालं तुला."

आता आदिनाथला फक्त 'व्हय' म्हणायचं होतं. त्याचं सगळं आयुष्य त्या 'व्हय'च्या बाजूने होतं. त्याने एकदा उदयसिंहाकडे बघितलं, एकदा रेश्माकडे. मग उजवा हात वर केला, सरळ डोक्यावर, बाद झालेला खेळाडू बाहेर जाताना करतो तसा.

"उदय, बाद हाय मी."

उदयसिंह बघतच राहिला. "कुणी दिलं बाद? पंच कुठाय हितं?"

"मीच देतो."

एवढ्या वर्षांत हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. उदयसिंह त्याच्या शेजारी पायरीवर बसला. चिडायचं की काय करायचं ते त्याला समजेना. शेवटी म्हणाला, "हात खाली घे, लोक बघायलेत." रेश्माने चहा आणला. साखर तिने आतच, न वाजवता हलवली असणार. सारजाबाई बाहेर आल्या, लेकाचा चेहरा बघितला आणि आत जाऊन ती लुगड्याची पट्टी घेऊन आल्या. आदिनाथने ती घेतली, डोक्याला न बांधता त्या पट्टीने घाम पुसला आणि खांद्यावर टाकली. आईचाही मान राहिला.

जीप गेली. संध्याकाळी फोन आला तेव्हा मी खालीच होतो. "गुण किती झाले?" आदिनाथने विचारलं. पलीकडून सांगितलं गेलं. सामना गेला होता. त्याने फोन ठेवला आणि आम्ही दोघं, मी आणि रेश्मा, तो पुन्हा विचारतोय की काय म्हणून त्याच्याकडे बघत बसलो. त्याने पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सावलीच्या कडेने गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला, तिथल्या खांबाला हात लावला आणि परत आला. माग वाजत होते, त्याने एक कान तळहाताने झाकला होता. जिन्याशी मला बघून थांबला.

"सव्वीस-चोवीस," मी काही विचारायच्या आत तो म्हणाला. "दोन गुणांनी गेला, काका. मी असतो तर..."

एवढं बोलून त्याने डोळे मिटले, भिंतीला टेकला आणि हात अर्धा वर केला. मग त्याचं डोकं फिरायचं जरा थांबेपर्यंत आम्ही दोघंही तिथेच उभे राहिलो.